बाबांच्या कवी-वहीबद्दल

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, तुमच्या वहीतली दहाही कवींची पानं वाचून झाली. भाषेला हात लावायची गरज नाही. दुरुस्त्या आहेत त्या तारखांच्या आणि नावांच्या, आणि एक जरा मोठी आहे. तिच्यापासूनच सुरुवात करते.

दहापैकी आठ पानं कवीच्या मृत्यूपाशी संपतात. सेनापतीचं चरित्र तिथे संपलं तर चालेल, कवीचं अर्धंच होतं. कविता कुणी सांभाळली, कुणी त्यात ढवळाढवळ केली, ती छापून कधी आली, हे त्याच पानावर यायला हवं. पान तीनशे शब्दांचं असेल तर शंभर शब्द यासाठी राखा. जागा आजोबा-पणजोबा आणि शाळा-कॉलेज यांतून काढा. रशियन कवी पुश्किनचे पणजोबा गान्निबाल तेवढे राहू द्या. आफ्रिकेतून आणलेला तो मुलगा झार पीटरच्या दरबारात वाढला आणि पुश्किनने त्यांच्यावर कादंबरी लिहायला घेतली होती. ती अपुरीच राहिली.

आता अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन. तुम्ही लिहिलंय, ‘१८३० मध्ये अमहर्स्टला जन्म, एकांतात राहिली, १८८६ मध्ये निधन.’ यात चूक काही नाही, पण एमिलीही नाही. तिने जवळपास अठराशे कविता लिहिल्या. हयातीत छापल्या गेल्या त्या दहाच्या आसपास, त्याही नावाशिवाय. ती गेल्यावर बहीण लव्हिनियाला खोलीत हातशिलाईच्या वह्या सापडल्या, अशा चाळीस. दुमडलेले कागद एकावर एक ठेवायचे, कडेला दोन भोकं पाडायची आणि दोरा ओवून गाठ मारायची. आत एखाद्या शब्दावर बारीकशी अधिकची खूण दिसते आणि पानाच्या तळाशी त्याच खुणेने पर्यायी शब्द लिहिलेले असतात. म्हणजे कविता पक्की लिहून काढली तरी शब्दाची निवड तिने मोकळीच ठेवलेली. छापताना मात्र कुणालातरी एकच शब्द उचलावा लागतो, खरी अडचण तिथे आहे.

आई, तू विचारलंस की एकाच कवितेला एका पुस्तकात शीर्षक आणि दुसऱ्यात नुसता आकडा, असं का. १८९०च्या पहिल्या पुस्तकाच्या संपादकांनी, मेबल टॉड आणि हिगिन्सन यांनी, शीर्षकं दिली, विरामचिन्हं सरळ केली, काही ठिकाणी यमकही नीट बसवलं. तिचे आडवे डॅश परत आले ते १९५५च्या जॉन्सन आवृत्तीत. त्यात १७७५ कविता आहेत, फ्रँकलिनच्या १९९८च्या आवृत्तीत १७८९. दोघांचे क्रमांक जुळत नाहीत, त्यामुळे क्रमांक द्यायचा तर आवृत्ती सांगा, नाहीतर पहिली ओळ देऊन मोकळे व्हा.

प्राचीन ग्रीक कवयित्री सॅफोच्या पानावर ‘धर्मगुरूंनी तिची पुस्तकं जाळली’ हे वाक्य आहे. ते काढा. कथा जुनी आहे, पण पुरावा तोकडा. तिचं काव्य हरवायला साधी कारणं पुरेशी होती. पपायरस हा लव्हाळ्याचा कागद टिकाऊ नसतो, त्यामुळे मजकूर पुन्हा पुन्हा उतरवून घ्यावा लागतो. गुंडाळ्यांवरून चामड्याच्या पानांच्या पुस्तकांत नकला होऊ लागल्या तेव्हा तिची लेस्बोस बेटावरची बोली वाचणारेच कमी उरले होते, आणि जे वाचलं जात नाही ते कुणी उतरवत नाही. आज अख्खी म्हणावी अशी जवळपास एकच कविता हाती आहे, अफ्रोदितीला केलेली विनवणी, तीसुद्धा लेखनशैलीवर लिहिणाऱ्या एका जुन्या लेखकाने उदाहरणादाखल पूर्ण दिली म्हणून. बाकी बरंचसं इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसच्या कचऱ्याच्या ढिगांतून आलं. तिथे १८९६-९७ पासून खोदकाम सुरू झालं. वाळू कोरडी, म्हणून कागद कुजला नाही. भाषांतरात दिसणारे चौकोनी कंस म्हणजे फाटलेली कड. ते कंस गाळून ओळी सलग लिहू नका, नाहीतर वाचणाऱ्याला ती कविता पूर्ण वाटेल.

तारखांचं आता भराभर. पुश्किनचा जन्म एका ठिकाणी २६ मे १७९९ आणि दुसरीकडे ६ जून, हे तुम्हाला खटकलं ते बरोबर. रशियात तेव्हा जुनी ज्युलियन दिनदर्शिका होती. अठराव्या शतकातल्या तारखेला ११ दिवस मिळवायचे, एकोणिसाव्यातल्या तारखेला १२, विसाव्यातल्याला १३. म्हणून त्याचा मृत्यू २९ जानेवारी १८३७, नव्या हिशेबाने १० फेब्रुवारी. दोन्हींपैकी एकच पद्धत अख्ख्या वहीत ठेवा. शेक्सपिअर आणि सर्व्हान्टिस ‘एकाच दिवशी’ गेल्याची गंमत याच घोळातून आली. दोघांची तारीख २३ एप्रिल १६१६ सांगतात, पण इंग्लंड तेव्हा दहा दिवस मागे होतं.

नावांचं. चिनी कवी दू फूमध्ये ‘दू’ हे आडनाव, तेव्हा अनुक्रमणिकेत तो द खालीच राहील. जपानी हायकूकार मात्सुओ बाशोला मात्र बाशो म्हणायचं, ते टोपणनाव आहे, शिष्याने झोपडीपाशी लावलेल्या केळीवरून पडलेलं. चिलीचा कवी नेरूदा, हेही टोपणनावच. तो जन्माने रिकार्दो नेफ्ताली रेयेस, १९४६ मध्ये त्याने नेरूदा हेच कायदेशीर नाव करून घेतलं. ‘देश’ हा रकाना मी काढूनच टाकेन. रूमी १२०७ मध्ये बल्खच्या बाजूला जन्मला, लिहिलं फारसीत, गेला १२७३ मध्ये कोन्याला, जे आज तुर्कस्तानात आहे. त्याला कोणत्या देशात बसवणार? जन्म कुठे, भाषा कोणती, मृत्यू कुठे, असे तीन रकाने करा म्हणजे भांडणच मिटलं.

दुसरा चिनी कवी ली बाय चंद्राचं प्रतिबिंब कवेत घ्यायला गेला आणि बुडाला, ही कथा जरूर ठेवा, फक्त आधी ‘असं सांगतात’ जोडा. गंमत म्हणजे कवीने स्वतः लिहिलेलंही जसंच्या तसं घेता येत नाही. बाशोने १६८९च्या उत्तरेकडच्या प्रवासाचं वर्णन लिहिलं, त्या प्रवासात सोरा हा शिष्य बरोबर होता. सोराची रोजनिशी १९४३ मध्ये उजेडात आली, तेव्हा दिसलं की गुरुजींनी काही प्रसंग, काही दिवस बदलून लिहिलेत. बाशो तिथे हिशेब लिहीत नव्हता, त्यामुळे मला ते खोटं वाटत नाही. पण त्या प्रवासाचं वेळापत्रक हवं असेल तर सोराकडे जा.

दू फूचं पान मला सगळ्यांत आवडलं. ७४७ची सरकारी नोकरीची परीक्षा, जिच्यात मंत्र्याने झाडून सगळ्यांना नापास केलं, ती तुम्ही छान आणलीत. त्यात एवढंच घाला की त्याच्या हयातीतले जे काव्यसंग्रह आज मिळतात त्यांत तो नाही. मान मिळाला चीनमधल्या सोंग राजघराण्याच्या काळात, म्हणजे दोनअडीचशे वर्षांनी. आज त्याच्या चौदाशेहून अधिक कविता आहेत.

कीट्सचं पान आहे तसं राहू द्या. थडग्यावर त्याच्या सांगण्याप्रमाणे त्याचं नाव नाही, एवढं वाक्य जोडा.

रशियन कवयित्री अख्मातोवाला मात्र दोन पानं द्या. पहिला नवरा गुमिल्योव १९२१ मध्ये गोळी घालून मारला गेला, मुलगा लेव पुढे तुरुंगात. लेनिनग्राडच्या तुरुंगाबाहेरच्या रांगांतून तिचं ‘रेक्विएम’ हे दीर्घकाव्य आलं आणि ते घरात ठेवणंही धोक्याचं होतं. ती कागदाच्या चिटोऱ्यावर ओळी लिहायची, समोरची मैत्रीण वाचून पाठ करायची, मग कागद राखदाणीत जाळायचा. बोलणं चोरून ऐकलं जात असेल म्हणून तोंडाने चहापाण्याच्या गप्पा चालूच. १९६३ मध्ये ते म्युनिकला छापलं गेलं. १९६६ मध्ये ती गेली आणि सोव्हिएत देशात ते यायला १९८७ उजाडलं.

याच्या समोरच्या पानावर बहिणाबाई घ्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. ओव्या तोंडी जुळायच्या, मुलगा सोपानदेव आणि एका नातलगाने त्या उतरवून ठेवल्या. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक निघालं. तिकडे लिहून जाळावं लागलं, इकडे लिहिता येत नसून टिकलं.

शेवटचं, प्रत्येक पानाच्या तळाशी भाषांतरकाराचं नाव लिहा. तुमच्या पाच पानांवर ते राहिलंय. आई, पक्की प्रत झाली की तू एकदा मोठ्याने वाच, अडखळशील तिथे पेन्सिलीने टिंब कर. बाबा, ती टिंबं खोडायची नाहीत.

तुमची,
धाकटी