तारखेचा शिक्का मारला, कंटेनर मात्र कुणी पाहिला नाही

दि. २२ सप्टेंबर २०२५
नाशिक

प्रति,
मा. व्यवस्थापक,
कंटेनर विक्री व ग्राहक सेवा विभाग

विषय: सीएससी वैध म्हणून विकलेला वापरलेला २० फुटी कंटेनर प्रत्यक्षात न तपासलेला व जहाजावर नेण्यास असुरक्षित निघाल्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीकडून मी ऑगस्टमध्ये एक वापरलेला २० फुटी कंटेनर विकत घेतला. किंमत १,८५,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण २,१८,३०० रुपये. सगळे पैसे आगाऊ, बँकेतून. बिलावर 'निर्यातयोग्य, सीएससी वैध' (सीएससी म्हणजे सुरक्षित कंटेनरांचा आंतरराष्ट्रीय करार) असे तुमचेच शब्द आहेत. हा कंटेनर गेला महिनाभर अंबडला माझ्या शेडच्या दारात उभा आहे. तो जहाजावर जाऊ शकत नाही, आणि कुणी नेतो म्हणाला तरी मी देणार नाही. तीन फोन, पाच ईमेल आणि तुमच्या नाशिक ऑफिसची एक फेरी झाली, तिचाही उपयोग झाला नाही, म्हणून हे पत्र.

ऑफिसात तुमच्या माणसाने माझी तक्रार स्क्रीनवर दाखवली. तिथे लिहिलं होतं 'रंग व नंबर, किरकोळ'. ती नोंद आधी दुरुस्त करा.

मी कांदा प्रतवारीची यंत्रं बनवतो. स्वतः, दोन वेल्डर आणि एक फिटर, एवढाच पसारा. केनियातल्या मोम्बासाच्या एका गिऱ्हाइकाने दोन यंत्रं मागवली आणि म्हणाला, शक्य असेल तर कंटेनरसकट पाठवा, इकडे तो सुट्या भागांची खोली म्हणून ठेवीन. जहाज कंपनीचा कंटेनर घेतला तर ठरलेल्या मुदतीत रिकामा परत करावा लागतो, उशीर झाला की रोजचं भाडं चढतं. म्हणून स्वतःचा कंटेनर घ्यायचं ठरलं. बिलात त्याची किंमत धरली, शिपिंग बिलात ८६०९ या कंटेनरच्या कस्टम्स कोडखाली तो वेगळा दाखवायचा हेही सीएचएशी, म्हणजे कस्टम्स एजंटशी, बोलून ठेवलं. यंत्राखालच्या लाकडी चौकटी, कीड मरावी म्हणून, ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवून शिक्का मारून आणल्या. त्या कारखान्याने शिक्क्यासोबत त्या दिवसाचा तापमानाचा आलेखही दिला. तो आलेख लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

१६ ऑगस्टला, शनिवारी, मी पनवेलजवळच्या तुमच्या यार्डात आलो होतो. दहीहंडीचा दिवस, जाता-येता रस्त्यात मंडळांची गर्दी. तुमच्या प्रतिनिधीने लांबूनच बोट दाखवलं, 'तो सगळ्यात खालचा तुमचा.' त्यावर आणखी दोन कंटेनर होते, दारासमोर दुसरी रांग खेटून लावलेली, आणि बुडाशी गुडघाभर गवत. दार उघडून पाहता येईना. 'आम्ही तपासूनच देतो काका, प्लेटवर तारीख मारून येईल,' असं सांगण्यात आलं. मी मोबाइलवर फोटो काढला आणि परतलो. न पाहता पैसे भरले ही माझी चूक, ती मी कबूल करतो. पण तपासणीचं काम तुम्ही विकत होतात, आणि मी तेच विकत घेत होतो.

२१ तारखेला कंटेनर अंबडला उतरला. सीएससीच्या प्लेटवर, म्हणजे कंटेनरची वजनं आणि तपासणीची तारीख असलेल्या पट्टीवर, नवा स्टिकर होता: पुढील तपासणी ०२/२०२८. सोबतच्या प्रमाणपत्रावर तपासणीची तारीख १४ ऑगस्ट. म्हणजे मी फोटो काढला त्याच्या दोनच दिवस आधी! त्या १४ तारखेला तुमच्या माणसाने वरचे दोन कंटेनर काढले, हा उचलून खालून पाहिला, आत जाऊन दार लावलं, सगळं परत रचलं आणि बुडाशी गवतही पुन्हा गुडघाभर उगवलं, असं मी समजायचं का?

त्या रात्री पाऊस झाला. सकाळी आमचा फिटर आत गेला आणि आम्ही दोन्ही दारं लावून घेतली. ही तपासणी कुणालाही करता येते, तिला यंत्र लागत नाही. आत अंधार हवा, उजेडाचा ठिपका दिसला की तिथे भोक. आतून आवाज आला, 'दादा, वर चांदणं पडलंय.' छपरात सात ठिपके, खाली प्लायवूड ओलं. छपराला भोकं असणं वाईटच, पण ते बुजवता येतं. त्यावरून मी एवढं लांबलचक पत्र लिहिलं नसतं.

मग हायड्राने, म्हणजे फिरत्या क्रेनने, एक बाजू उचलून खालून पाहिलं. फरशीला तोलून धरणाऱ्या आडव्या पट्ट्यांपैकी, ज्यांना तुम्ही क्रॉस मेंबर म्हणता, चार इतक्या गंजलेल्या की चिपिंग हातोडीचं टोक आरपार गेलं. आणि दाराकडचा डावा कोपऱ्याचा खांब. त्यावर रंग इतका जाड की मला तिथेच शंका आली. खरवडला तर खाली पुट्टी, पुट्टीखाली हाताएवढा पत्रा वरून चिकटवून चारी बाजूंनी वेल्डिंग. तीस वर्षं मी वेल्डिंग करतो. कुजलेल्या खांबावर ठिगळ लावून रंग मारायचा, याला दुरुस्ती म्हणत नाहीत. करायची तर खराब भाग कापून काढायचा आणि त्याच आकाराचा, त्याच जाडीचा तुकडा सांधायचा. हे ठिगळ ज्याने लावलं त्याला खाली काय आहे ते नक्की माहीत होतं, नाहीतर पुट्टी कशाला?

फोनवर यावर मला उत्तर मिळालं, 'काका, तुमचा माल नऊ टनांचा. बॉक्समध्ये अठ्ठावीस टन बसतात. एवढं काय घाबरताय?' हे वाक्य ज्याने उच्चारलं त्याच्याबद्दल माझा राग नाही, त्याला कुणी शिकवलेलंच नाही. पण तुम्हाला तरी प्लेट वाचता येते ना? तिच्यावर कमाल एकूण वजन ३०,४८० किलो आहे, आणि त्याखालच्या ओळीत १.८ जी साठी रचण्याचं वजन १,९२,००० किलो. दुसरा आकडा माझ्या मालाचा नाहीच. तो माझ्या डोक्यावर इतरांचा किती माल रचता येईल याचा आहे: २४ टनांचे आठ कंटेनर एकावर एक. लाटांवर जहाज वर-खाली होतं तेव्हा तो भार वाढतो, म्हणून १.८ ने गुणायचं. चार खांबांत वाटला तर एका खांबावर ८६ टनांहून जास्त. माझा माल नऊ टनांचा असो की नऊ किलोचा, माझ्या कंटेनरवर काय येईल ते माझ्या हातात नाही. दहीहंडीत खालच्या थरातला गडी स्वतः किती वजनाचा आहे ते कुणी विचारत नाही, त्याचे खांदे बघतात. तुम्ही मला खांदा निखळलेला गडी दिलात, वर नवा टी-शर्ट घालून.

हे नियम काही माझ्या घरचे नाहीत. सुरक्षित कंटेनरांचा आंतरराष्ट्रीय करार १९७२ साली जिनिव्हात झाला आणि १९७७ पासून तो लागू आहे. कंटेनर बनल्यापासून पाच वर्षांच्या आत पहिली तपासणी, पुढे जास्तीत जास्त ३० महिन्यांनी एकेक. बंदरावरचा अधिकारी साधारणपणे फक्त प्लेट आणि तारीख बघतो, उघड धोका दिसला तरच पुढे जातो. सगळ्या व्यवस्थेची भिस्त या एका गृहीतावर आहे की तारीख मारणाऱ्याने आधी कंटेनर पाहिला असेल. लाकडाच्या शिक्क्यामागे माझ्याकडे आलेख आहे. तुमच्या शिक्क्यामागे काय आहे, ते मी चार आठवडे विचारतो आहे.

पहिल्यांदा सांगितलं गेलं की हा कंटेनर एसीईपीत होता, त्याला तारीख लागतच नाही. मग मारली कशाला? एसीईपी म्हणजे मालकाने मंजूर करून घेतलेला सततच्या तपासणीचा कार्यक्रम. तो त्या जहाज कंपनीचा होता. तिने कंटेनर विकला तिथे तो संपला, आणि दाराशेजारी जुना स्टिकर खरवडल्याची खूण अजून दिसते. दुसऱ्यांदा सांगितलं गेलं की करारानुसार कंटेनर सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मालकाची, आणि आता मालक मी. बरोबर आहे. १४ ऑगस्टला मालक कोण होतं?

नंबराचं थोडक्यात सांगतो. आमच्या फॉरवर्डरने, म्हणजे जहाजाचं बुकिंग करणाऱ्या एजंटने, बुकिंगमध्ये नंबर टाकला तर जहाज कंपनीची प्रणाली तो घेईना. माझी मुलगी डिप्लोमाला आहे. तिने अक्षरांच्या किमती धरून, दोनाच्या पटींनी गुणून, ११ ने भागून बाकी काढली. ती बाकी नंबराच्या शेवटी चौकटीत असलेल्या पडताळणीच्या अंकाशी जुळत नव्हती. मग आम्ही प्लेट पाहिली: तिच्यावर जिथे ६ आहे तिथे दारावर ८ रंगवलेला. तुमचं म्हणणं, पेंटरची चूक. असेल. पण ज्याने तपासणी करून सही केली त्याने दार आणि प्लेट यांच्याकडे एकदा आळीपाळीने जरी पाहिलं असतं तरी ती सापडली असती. दोन्हींत जेमतेम हातभर अंतर आहे.

माझ्या शब्दावर जाऊ नका. २८ ऑगस्टला, गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, नवी मुंबईहून एक स्वतंत्र सर्व्हेअर बोलावला. सणात तो आला हेच खूप झालं. तुमच्या ऑफिसचा फोन तर विसर्जनापर्यंत कुणी उचलला नाही. सर्व्हेअरने अहवालात लिहिलं आहे की खांब आणि क्रॉस मेंबर यांची नीट दुरुस्ती व फेरतपासणी होईपर्यंत हा कंटेनर मालवाहतुकीस अयोग्य. ३० तारखेचं कट-ऑफ, म्हणजे बंदरात कंटेनर पोचवण्याची शेवटची मुदत, हुकलं. शेवटी जहाज कंपनीचा कंटेनर भाड्याने घेऊन १३ सप्टेंबरच्या जहाजाने माल रवाना केला. मोम्बासाच्या माणसाला खोली मिळाली नाही. त्याला बिलात सूट द्यावी लागली, ती मी तुमच्याकडे मागत नाही, ते माझं आणि त्याचं.

मागतो ते असं. कंटेनरचे २,१८,३०० रुपये, पनवेलहून आणण्याचं ट्रेलरभाडं २४,०००, हायड्रा दोनदा ७,०००, सर्व्हेअर ९,५००, बुकिंग रद्द झाल्याचे १२,०००, मिळून २,७०,८०० रुपये परत करावेत. पावत्या सोबत आहेत. कंटेनर तुमच्या खर्चाने उचलून न्यावा. बदली कंटेनर किंवा 'पुढच्या खरेदीत सवलत' हा प्रस्ताव ईमेलवर आला होता, तो मला नको.

पैशांइतकंच दुसरं मागणं महत्त्वाचं आहे. १४ ऑगस्टच्या तपासणीचा मूळ अहवाल, तपासणाऱ्याचं नाव, त्याला हे काम करण्याचा अधिकार कुणी दिला त्याचा कागद आणि याच कंटेनरचे त्या दिवशीचे फोटो मला द्या. ईमेलवर पाठवलेले फोटो दुसऱ्याच कंटेनरचे आहेत. त्यात दाराचं रबर करडं आहे, माझं काळं. आणि त्याच तारखेला, त्याच सहीने आणखी किती कंटेनर ०२/२०२८ चे स्टिकर लावून बाहेर गेले ते शोधून त्या गिऱ्हाइकांना तुम्ही स्वतः कळवा. त्यांतला एखादा आत्ता कुठल्यातरी जहाजावर खालच्या थरात असेल.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. न आल्यास नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. २०१९ च्या कायद्याने ती मी राहतो, काम करतो तिथेच करता येते. 'व्यावसायिक खरेदी, म्हणून ग्राहक नाही' हा मुद्दा तुमच्या वकिलांना सुचेलच. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबणाऱ्याला त्या कायद्यात अपवाद आहे, आणि तो मान्य झाला नाही तरी १९३० चा वस्तुविक्री कायदा वर्णनाबरहुकूम माल मागतोच. 'सीएससी वैध' हे वर्णन तुम्ही केलंत, मी नाही.

प्लेट मी काढलेली नाही, ठिगळही पुढे खरवडलेलं नाही. तुमच्या माणसाला येऊन पाहायचं असेल तर दिवसा कधीही यावं. कंटेनर न्यायला येताना मात्र आधी फोन करा. गल्लीत लांब ट्रेलर वळत नाही, तो मुख्य रस्त्यावर थांबवून हायड्राने बाहेर काढावा लागेल, आणि हायड्रा तुम्ही आणायचा आहे. सोमवारी आमच्या भागात वीज नसते, तो दिवस सोयीचा.

आपला,
एक ग्राहक व लघुउद्योजक
अंबड, नाशिक

सोबत: बिल व बँकेची पावती, १४ ऑगस्टचं प्रमाणपत्र, १६ ऑगस्टचा यार्डातला फोटो, सर्व्हेअरचा अहवाल, खांबाचे व खालच्या पट्ट्यांचे फोटो, खर्चाच्या पावत्या