शिबिरात साखर मोजता, मग रक्तदाब का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गणेशोत्सव आला की मंडळामंडळांत मधुमेह तपासणी शिबिरे लागतात. बोटाला सुई टोचली, चिठ्ठीवर 'रँडम १३२' (कोणत्याही वेळी मोजलेली साखर) लिहिले, चला पुढचे! माणूस 'साखर नॉर्मल' म्हणत घरी जातो. रक्तदाब कुणी पाहिलेला नसतो, कोलेस्टेरॉलचे तर नावच नको. वास्तविक मधुमेहींच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हृदयविकार आणि रक्तवाहिन्यांचे विकार हेच आहे.

वर्षानुवर्षे चढलेली साखर रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर खराब करते, तिथे चरबी साचत जाते. शिवाय मज्जातंतू बोथट होतात. त्यामुळे अनेक मधुमेहींना झटका येतो तेव्हा छातीत कळ येतच नाही. नुसता दरदरून घाम, धाप, मळमळ. घरचे म्हणतात पित्त खवळले असेल. सोडा देऊन झोपवतात आणि मोलाचे तास निघून जातात. अशा वेळी आधी ईसीजी काढायला हवा.

'मी बारीक, मला काय होतंय' हेही नेहमीचेच. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा २००४ मधला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातील फोटो अशांनी जरूर पाहावा. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२!

आयुष्यभर प्रयोगशाळेत काम केल्यामुळे, तपासणीपुरते दोन दिवस गोड बंद ठेवणारे मी भरपूर पाहिले आहेत. एचबीएवनसी या रक्तचाचणीला ही चलाखी चालत नाही, तिथे सुमारे तीन महिन्यांची सरासरी दिसते. मात्र केवळ साखरेच्या मागे लागूनही भागत नाही. डेन्मार्कमध्ये १६० मधुमेहींपैकी निम्म्यांवर साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल या तिन्हींचे उपचार जोडीने आणि काटेकोरपणे करून पाहिले. २००३ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा नेहमीच्या उपचारांपेक्षा त्या गटात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका जवळपास निम्म्यावर आलेला दिसला.

मंडळांना विनंती एवढीच, की यंदा चिठ्ठीवर साखरेशेजारी रक्तदाबाचाही रकाना छापा. मोजायला पाच मिनिटेही लागत नाहीत. आणि साखर जास्त निघालेल्यांची तरी कोलेस्टेरॉल तपासणी मंडळाच्या खर्चाने करून द्या. डीजेचा एक तास कमी केला तरी पुष्कळांची होईल.

– एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, पुणे