गुडघ्याची कूर्चा आणि कुबड्यांचे आठवडे

महोदय,

कूर्चेत, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणात, रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती आपोआप भरत नाही. मायक्रोफ्रॅक्चर या शस्त्रक्रियेत दुर्बिणीतून सैल कूर्चा आणि तळाचा चुनायुक्त थर खरवडून हाडाला ३-४ मिलिमीटर अंतरावर छिद्रे पाडतात; त्यांतून आलेले रक्त गोठते आणि त्या गुठळीतून नवी भर तयार होते. छिद्रे जवळ पडली तर मधले हाड ढासळते; थर राहिला तर रक्ताची गुठळी नीट धरत नाही. धरली तरी तयार होते ती तंतुमय कूर्चा, मूळ कूर्चेइतकी टिकाऊ नव्हे. म्हणून कूर्चेतल्या मोठ्या खड्ड्याला रुग्णाच्याच पेशी वाढवून बसवण्याचा, १९९४ साली स्वीडनमधून प्रसिद्ध झालेला मार्ग आधी विचारात घ्यावा. पाय वाकडा असेल तर तोही सरळ करायला हवा. आणि मायक्रोफ्रॅक्चरनंतर कुबड्या ६ ते ८ आठवडे! दुखणे थांबले म्हणून तिसऱ्याच आठवड्यात टाकल्या, तर कोवळी भर चिरडते.

— एक अस्थिरोगतज्ज्ञ