चि. करुणाला, पप्पांकडून

चि. करुणा,
सलाम आणि अनेक आशीर्वाद.

डेंग्यूचा ताप उतरला, प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर गेल्या, म्हणजे आता घाबरायचं कारण नाही, हे मलाही कळतं. तरी त्या दिवशी फोनवर बोलायचं ते राहिलं आणि नको ते पहिल्या झटक्यात तोंडातून निघालं, "रविवारी चर्चला गेली होतीस का?" तापाने फणफणलेल्या पोरीला हा काय प्रश्न झाला! आईने माझ्याकडे असं बघितलं की मी गुपचूप फोन तिच्या हातात दिला. म्हणून हे पत्र. चर्चचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसलोय.

पहिलं म्हणजे, तुझ्या खोलीतल्या चिपळूणच्या त्या मुलीला आमचा सलाम सांग. तिने तुझ्या मोबाइलमधून आईचा नंबर शोधून फोन केला नसता तर तू आम्हाला बरी झाल्यावरच कळवलं असतंस. सॅमच्या वेळेसही असंच झालं होतं, आठवतंय ना? तुम्ही दोघं अगदी आईवर गेलात, दुखणं अंगावर काढायचं आणि वर "काही नाही हो" म्हणायचं.

तिने तुला मऊ भात भरवला हे ऐकून मला काय आठवलं माहीत आहे? पंचहौद मिशनचं चहा प्रकरण. तुझ्या खोलीपासून ते चर्च फार लांब नाही. 1890 साली तिथे मिशनऱ्यांकडे चहा घेतला म्हणून लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांवर ग्रामण्य आलं, म्हणजे जातीबाहेर टाकायचा वाद उभा राहिला, प्रायश्चित्त घ्यायची वेळ आली. आणि आज त्याच पुण्यात, सदाशिव पेठेत, कॉट बेसिसच्या खोलीत एक कोकणस्थ पोर तुझ्या उशाशी वाटी घेऊन बसते. मी हे आजीला मोठ्या कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, "मेतकूट घातलं होतं का?"

खोलीतल्या मुली विचारतात, "तू ख्रिश्चन? पण आडनाव तर आपल्यासारखंच. आणि मराठी किती छान बोलतेस!" म्हणून तू चिडली होतीस. एसटीच्या वर्कशॉपमध्ये हे मी आयुष्यभर ऐकलंय. सुरुवातीला मी वाद घालायचो, ज्ञानोदय हे ख्रिस्ती नियतकालिक 1842 साली आपल्या नगरहून निघालं, कवी रेव्हरंड टिळक आमच्यातले, वगैरे. पुढे कळलं, समोरचा वाईट हेतूने विचारत नाही, त्याला ठाऊकच नसतं. चिडू नकोस, नाताळला डबाभर करंज्या घेऊन जा आणि खायला घाल. पण लपवूही नकोस. कुणी विचारलं तर सरळ सांगायचं, खाली मान घालायची नाही. तुझ्या आजोबांनी...

भाषण सुरू झालं. राहू दे.

आजोबांचं मात्र सांगतो, कारण तू तिसरीत होतीस ते गेले तेव्हा. 72 च्या दुष्काळात ते वडाळ्याहून नगरला आले. एका गोडाऊनवर हमाली, आणि झोपायला झेंडीगेटजवळ पत्र्याची खोली. ओळखीचं कुणी नाही. ह्यूम चर्चला दोन-तीन रविवार गेले असतील, मागच्या बाकावर बसायचे. मग एका रविवारी दिसले नाहीत. उपासना सुटल्यावर एका पंचांनी विचारलं, तो वडाळ्याचा पोरगा कुठे आहे? शोधत शोधत खोलीवर आले तर हे टायफॉइडने बेशुद्ध. टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. आजोबा पुढे स्वतः पंच झाले तेव्हा उपासना सुटली की दारात उभे राहायचे. मला वाटायचं, लोकांना सलाम करायला उभे आहेत. ते कोण नाही आलं ते बघत असायचे. दुपारी जेवण झालं की सायकल काढायची आणि त्या घरी जायचं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे, बाळा. देव काही हजेरीपट घेऊन बसलेला नाही. तू सकाळची प्रार्थना खोलीत केलीस तरी त्याला पोचते, हे तूच मला मागच्या सुट्टीत सुनावलंस आणि मला उत्तर सुचलं नव्हतं. पण तू एखाद्या रविवारी नाही दिसलीस तर पुण्यात कुणाच्या लक्षात येईल? कॉलेजात दीडशे पोरांचा वर्ग. मेसवाल्या काकूंना वाटणार, गावाला गेली. चिपळूणची पोर सोन्यासारखी आहे, पण दिवाळीला तीही घरी जाणारच ना?

कसब्यात ब्रदर देशपांडे चर्च आहे, मराठी उपासना असते. पंचहौदला जा. तुला गिटार-ड्रमवाली आवडतात तर तिथे जा, मी नाक मुरडणार नाही. (मुरडेन, पण घरात.) कुठेही जा, फक्त दर वेळी वेगळ्या ठिकाणी नको.

काढला ना शेवटी विषय! आई आतून हसतेय.

इकडे पाऊस नावालाच आहे. आमच्या गाड्यांच्या पाट्या आता अहिल्यानगर झाल्या, सगळ्या पुन्हा रंगवून घेतल्या. कंडक्टर मात्र अजून "नगर, नगर" असंच ओरडतो. चर्चमध्ये आता गाण्यांचे शब्द पडद्यावर दिसतात, त्यामुळे आजीने पुस्तक न्यायचं बंद केलं आणि चष्मा घरी विसरायला लागली. आता दुसऱ्या ओळीपासून नुसती मान हलवते. तुझ्या मार्कांचं तिने महिला मंडळात इतक्यांना सांगितलंय की मायक्रोबायोलॉजी हे मोठं हॉस्पिटल आहे असा काहींचा समज झालाय. मी दुरुस्त केला नाही. मलाही ऐकायला बरं वाटतं.

शनिवारी सकाळच्या तारकपूर-पुणे गाडीने डबा पाठवतोय, ड्रायव्हर माझ्या ओळखीचा आहे. वाकडेवाडीला वेळेवर जा, त्याला थांबवून ठेवू नकोस. शेंगदाण्याची चटणी, लाडू आणि तुझा स्वेटर आहे. एक मच्छरदाणीही आहे. लाज वाटली तरी लाव, डेंग्यूचा डास जास्त करून दिवसा चावतो, तेव्हा दुपारी झोपतानाही लाव. गोळी रिकाम्या पोटी घेऊ नकोस.

रविवारी दुपारी फोन कर. चर्चला गेली नाहीस तरी कर, मी विचारणार नाही. आई विचारेल. आणि या पत्राला पत्राने उत्तर दे, नुसता अंगठा पाठवू नकोस.

तुझे,
पप्पा