खुले पत्र: धंद्याचं बिल थकवणाऱ्यांना राजनैतिक कवच कशासाठी?

प्रति,
माननीय परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय: परदेशी व्यापार कार्यालयांचे विशेषाधिकार आणि त्यावर संसदेची देखरेख

महोदय,

सविनय नमस्कार.

मी वसईत राहतो. व्यापारी प्रदर्शनांचे स्टॉल बांधून देणं हा माझा व्यवसाय. गेल्या आठवड्यात मुंबईतल्या एका परदेशी व्यापार कार्यालयाकडून मला ईमेल आला. हे कार्यालय एका देशाच्या वाणिज्य दूतावासाचा भाग आहे. त्या देशाचं नाव चारचौघांत घेत नाही, सोबतच्या अर्जात दिलं आहे. त्यांच्याकडे माझे ११ लाख १६ हजार रुपये अडकलेत. ईमेलमध्ये बिलाबद्दल एक अक्षर नाही. काम वाईट झालं असंही कुठे म्हटलेलं नाही. कळवलंय ते एवढंच, की आमच्या कार्यालयाला भारतात विशेषाधिकार आणि संरक्षण आहे, ते आम्ही सोडलेलं नाही, पुढचा पत्रव्यवहार राजनैतिक मार्गाने करावा.

महोदय, प्लायवूड कापणाऱ्या माणसाने राजनैतिक मार्ग आणायचा कुठून?

ओळखीच्या एका खासदारांनी शब्द दिला होता, येत्या अधिवेशनात प्रश्न टाकतो म्हणून. अधिवेशन उरकलं. प्रश्न आला नाही, आणि आता फोन त्यांचे पीए उचलतात. म्हणून हे सगळं उघड लिहायची वेळ आली.

वर्क ऑर्डर १२ लाखांची. त्यावर १८ टक्के जीएसटी २ लाख १६ हजार. ॲडव्हान्स म्हणून ३ लाख मिळाले, बाकी काम झाल्यावर. हॉल आमच्या ताब्यात संध्याकाळी आला आणि सकाळी उद्घाटन. रात्री दोनच्या सुमारास त्यांचे अधिकारी आले, काउंटरच्या लॅमिनेटवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, हा निळा आमच्या झेंड्यातल्या निळ्याशी जुळत नाही. माझ्या पोरांनी चिकटवलेलं लॅमिनेट उखडलं, एका व्यापाऱ्याला झोपेतून उठवून गाळा उघडायला लावला, नवी शीट आणली आणि गोंद लवकर धरावा म्हणून पहाटेपर्यंत हीट गन घेऊन बसले. कार्पेटवरचं प्लास्टिक काढलं तेव्हा तेच अधिकारी माझा हात हातात घेऊन छान, छान म्हणाले. स्टॉलच्या मधोमध काचेची केबिन होती. खरेदीदारांशी सौद्याची बोलणी व्हावीत म्हणूनच ती बांधून घेतली होती. ते अधिकारी आता बदली होऊन मायदेशी गेले, आणि त्यांच्या जागी आलेल्यांनी हा ईमेल धाडला.

मला पैसे मिळोत न मिळोत, बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेच्या आत जीएसटी भरावाच लागतो. मी भरला. बिल बुडालं तरी तो परत मिळायची सोय कायद्यात नाही. आणि माझ्या बिलावर त्या कार्यालयाचा यूआयएन क्रमांक आहे. दूतावासांना या क्रमांकावर खरेदीवरचा कर सरकारकडून परत मागता येतो. म्हणजे कर भरला मी, खिशातून, आणि परतावा मागण्याचा हक्क त्यांचा! हे आपल्या सरकारला दिसत नाही? की दिसतं आणि चालतं?

सुतारांची मजुरी मी थांबवली नाही, थांबवूही शकत नव्हतो. बायकोच्या पाटल्या गोल्ड लोनमध्ये गेल्या. लाकूड बाजारात ज्यांच्याकडे वीस वर्षं उधारी चालायची, ते आता आधी रोख मागतात. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीचा दुसरा हप्ता भरायचा राहिलाय, आणि ती मला त्याबद्दल विचारत नाही याचाच जास्त त्रास होतो. माझं उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र आहे. २००६ चा कायदा सांगतो की लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्या, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मोजा. तो कायदा घेऊन एका सरकारी कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी पत्ता वाचला आणि फाइल माझ्याकडे सरकवली. परदेशी सरकार आहे, आमच्याकडे होत नाही, म्हणाल्या.

वकिलांनी मग दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८६ दाखवलं. संहिता १९०८ ची, इंग्रजांच्या अमलातली. परदेशी राज्यावर दावा लावायचा तर आधी केंद्र सरकारची, सचिवाच्या सहीची लेखी संमती हवी. माझ्याच देशात, माझ्याच घामाच्या पैशासाठी, कोर्टाची पायरी चढायची की नाही हे दिल्लीतला अधिकारी ठरवणार. ते परदेशी राज्य कोर्टाच्या हद्दीत व्यापार करत असेल तर संमती देता येते, असं त्याच कलमात आहे. नाकारण्याआधी अर्जदाराचं म्हणणं ऐकावं लागतं, हेही आहे. निर्णय किती दिवसांत द्यायचा, ते मात्र कुठेच नाही.

यात मी पहिला नाही. अल्जीरियाच्या दूतावासाच्या देखभालीचं काम केलेला एक कंत्राटदार, हरभजन सिंग ढल्ला, याच कलमापायी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. राजकीय कारणं सांगून सरकारने त्याला संमती नाकारली होती. १९८६ मध्ये न्यायालयाने तो नकार रद्द करून फेरविचार करायला लावला. २०११ मध्ये इथिओपियन एअरलाइन्सच्या खटल्यात तेच न्यायालय म्हणालं की व्यापारी व्यवहारात हे कवच चालणार नाही. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अफगाणिस्तानच्या दूतावासाच्या प्रकरणात लवादाच्या, म्हणजे कोर्टाबाहेर नेमलेल्या पंचाच्या, निवाड्याची वसुली करायला कलम ८६ ची संमती लागत नाही असं सांगितलं. पण माझ्या वर्क ऑर्डरमध्ये लवादाचं कलमच नाही. रात्रीतून स्टॉल उभा करणाऱ्याला कोण लवादाचं कलम घालून देतो?

न्यायालयं एकेका खटल्यातून वाट काढताहेत आणि संसद गप्प आहे. अमेरिकेने १९७६ मध्ये, ब्रिटनने १९७८ मध्ये कायदा करून टाकला की परदेशी सरकार धंदा करेल तर धंद्यापुरतं कोर्टात उत्तर देईल. सिंगापूरने १९७९ मध्ये केला. पाकिस्तानने सुद्धा १९८१ मध्ये अध्यादेश काढला. आपण २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या या विषयावरच्या करारावर सही केली आणि पुढे काही केलं नाही. हाँगकाँगच्या व्यापार कार्यालयांना ब्रिटनमध्ये संरक्षण मिळालं ते संसदेने १९९६ मध्ये कायदा केला म्हणून. अमेरिकेत त्याच कार्यालयांचे विशेषाधिकार चालू ठेवावेत की नाही, यावर सप्टेंबर २०२४ मध्ये प्रतिनिधिगृहात विधेयक आलं आणि ४१३ विरुद्ध ३ मतांनी मंजूर झालं. सेनेटमध्ये ते पुढे सरकलं नाही, आणि त्यांची कारणं त्यांच्या राजकारणातली. पण निदान प्रश्न सभागृहात तरी आला! आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत, संघ सूचीतल्या ११ व्या नोंदीत राजनैतिक आणि वाणिज्यदूतीय प्रतिनिधित्वासोबत व्यापारी प्रतिनिधित्वही लिहिलेलं आहे. अधिकार पूर्ण संसदेचा. मग कुठल्या देशाच्या कुठल्या व्यापार कार्यालयाला कोणती सवलत, कोणत्या कागदावर दिली, हे खासदार तपासतात कधी? परराष्ट्र व्यवहारांच्या स्थायी समितीत ३१ खासदार आहेत. त्यातल्या एकाने तरी ही यादी मागावी.

पाहुण्याचा मान राखणं आम्हाला कुणी शिकवायला नको. पण पाहुण्याने दुकान मांडलं की तो दुकानदार. १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या प्रस्तावनेतच म्हटलंय की हे अधिकार व्यक्तींच्या फायद्यासाठी नाहीत, काम नीट चालावं म्हणून आहेत. वाणिज्य दूतांसाठीचा १९६३ चा करार तेच सांगतो आणि यजमान देशाचे कायदे पाळा असंही बजावतो. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कला आपल्या एका महिला अधिकाऱ्याला अटक झाली, तेव्हा सरकारने अमेरिकी दूतावासासमोरचे अडथळे हटवले, त्यांच्या लोकांची ओळखपत्रं परत मागवली. अभिमान वाटला होता मला. तेव्हा कळलं की मनात आणलं तर सरकारचा हात पोचतो. मग तो हात अधिकाऱ्यासाठीच का उठावा? ज्याच्याकडे पासपोर्टसुद्धा नाही, अशा माझ्या सुतारासाठी का नाही? या देशात वजनदार माणसाचा अपमान हा राष्ट्राचा अपमान असतो, आणि कष्टकऱ्याचे पैसे बुडाले की ती त्याची खासगी अडचण.

कलम ८६ खालचा माझा अर्ज या पत्राबरोबर पाठवत आहे. वर्क ऑर्डर, बिल, जीएसटीचं चलन आणि तो ईमेल जोडला आहे. त्या कार्यालयाला आपल्या प्रोटोकॉल विभागातून एक फोन गेला तरी कदाचित पैसे मिळतील. तसं झालं तर मी आभारी राहीन, पण माझ्यानंतरच्या माणसासाठी कायदा तरीही हवा. आणि संमती द्यायची नसेल, तर मला बोलावून, ऐकून, कारणासकट लेखी नकार द्या. त्या कागदावर मला उच्च न्यायालयात जाता येईल. मुलीच्या फीची मुदत महिनाअखेरीस संपते.

कळावे,
आपला,
वसईचा एक स्टॉल कंत्राटदार