साहाय्य मागूनही दोन ज्येष्ठ प्रवाशांची ताटातूट केल्याबद्दल आणि वर त्यांनाच गैरहजर ठरवल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग,
(संबंधित विमान कंपनी), मुंबई.

विषय : हैदराबाद ते शिकागो प्रवासात पुढचे विमान चुकल्यानंतर घेतलेली रक्कम परत मिळणे आणि परतीच्या प्रवासातील साहाय्याची लेखी हमी मिळणे.

महोदय,

माझी आई (वय ७१) आणि मावशी (वय ६८) या दोघी माझ्या बहिणीच्या बाळंतपणासाठी आपल्या कंपनीच्या विमानाने हैदराबादहून निघाल्या आणि आखातातील आपल्या मुख्य तळावर विमान बदलून शिकागोला जाणार होत्या. आम्ही लातूर जिल्ह्यातील उदगीरचे राहणारे असल्यामुळे मुंबईपेक्षा हैदराबाद आम्हांला जवळ पडते आणि आमच्या भागातील बरीच कुटुंबे परदेशप्रवासासाठी तेच विमानतळ निवडतात. दोघींनाही इंग्रजी येत नाही आणि हा त्यांचा पहिलाच विमानप्रवास आहे, हे मी तिकीट काढतानाच आपल्या ग्राहक सेवा केंद्राला फोनवर सांगितले होते व विमान बदलताना कोणीतरी सोबत असावे, अशी स्पष्ट मागणी केली होती.

त्यावर आपल्या प्रतिनिधीने उत्तर दिले की भाषेच्या अडचणीसाठी वेगळी सोय नसते, म्हणून आईच्या नावावर व्हीलचेअर नोंदवावी, मावशी तिच्यासोबत चालत जातील. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे तिच्यासाठी ते ठीकच होते. मावशी मात्र अजूनही रोज शेतावर पायी जाऊन येते, म्हणून तिला व्हीलचेअर नको होती, पण तिच्या नावावर कोणतीच सोय का नसावी, हे मला तेव्हाही पटले नव्हते. वास्तविक विमान कंपन्यांच्या आरक्षण प्रणालीत व्हीलचेअरच्या नोंदींपेक्षा वेगळी, ‘एमएएएस’ या अक्षरांनी होणारी ‘भेटून साहाय्य करणे’ अशी नोंद असते आणि ती वयस्क, एकट्या किंवा भाषेची अडचण असलेल्या प्रवाशांसाठी वापरली जाते. ही नोंद दोघींच्या नावावर झाली असती, तर पुढचा सारा प्रकार टळला असता, असे माझे मत आहे.

हैदराबादच्या काउंटरवर दोघींना पुढच्या विमानाचेही बोर्डिंग पास मिळाले आणि सामान थेट शिकागोपर्यंत लावले गेले, इथपर्यंत सर्व व्यवस्थित होते. विमान बदलण्याच्या ठिकाणी व्हीलचेअर घेऊन आलेल्या कर्मचाऱ्याने दोघींचे पासपोर्ट आणि बोर्डिंग पास एकत्र घेऊन व्हीलचेअरच्या मागच्या कप्प्यात ठेवले, आईला लिफ्टने पुढे नेले आणि मावशीला हाताने दुसऱ्या रांगेकडे जाण्याची खूण केली. ती रांग सुरक्षा तपासणीची होती आणि तेथे प्रत्येकाकडे बोर्डिंग पास मागितला जात होता. मावशीच्या हातात काहीच नव्हते. मी तिच्या गळ्यातल्या पाकिटात विमान क्रमांक, माझा व बहिणीचा फोन नंबर आणि ‘यांना इंग्रजी येत नाही, कृपया गेटपर्यंत पोहोचवावे’ असा इंग्रजी मजकूर लिहिलेले कार्ड ठेवले होते. ते तिने तीन-चार जणांपुढे धरले, पण कोणी वाचले नाही. आईला तोवर आपल्या साहाय्य कक्षात, इतर व्हीलचेअरच्या रांगेत बसवून तो कर्मचारी निघून गेला होता. त्याची पाळी संपली होती, हे नंतर कळले. आई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला ‘मेरी बहन पीछे रह गई’ असे सांगत राहिली आणि प्रत्येकाने तिला हाताने बसून राहण्यास सांगितले.

अखेर स्वच्छतेचे काम करणाऱ्या तेलंगणातील एका माणसाने मावशीचे बोलणे ओळखले, सुरक्षा पर्यवेक्षकाला बोलावले आणि तिला आईपर्यंत आणून सोडले. तो आपला कर्मचारी नव्हता, हे मुद्दाम नमूद करतो. तोपर्यंत विमान गेले होते.

माझ्या ईमेलला आपल्याकडून जे उत्तर आले, त्यात ‘प्रवासी वेळेत गेटवर पोहोचले नाहीत, त्यामुळे गैरहजर नोंदवण्यात आले’ एवढेच म्हटले आहे. या वाक्याला माझा मुख्य आक्षेप आहे. माझी आई त्या वेळी आपल्याच साहाय्य कक्षात, आपणच दिलेल्या व्हीलचेअरमध्ये बसलेली होती आणि दोन्ही बोर्डिंग पास त्याच व्हीलचेअरच्या कप्प्यात होते. चेक-इन केलेला प्रवासी विमानात चढला नाही, तर सुरक्षेसाठी त्याचे सामान खाली उतरवावे लागते. दोघींचे सामान तसे उतरवले गेले, म्हणजे त्या दोघी आलेल्या नाहीत, हे गेटवरील कर्मचाऱ्यांना ठाऊक होते. विमानाच्या पोटातले सामान शोधून काढण्याइतका वेळ ज्यांच्याकडे होता, त्यांना स्वतःच्याच साहाय्य कक्षाला एक फोन करणे का जमले नाही, याचा खुलासा मला हवा आहे. जी प्रवासी कंपनीच्या ताब्यात आहे, ती कंपनीसाठी गैरहजर कशी ठरते?

मराठी जाणणारा माणूस तेथे ठेवावा, अशी माझी मागणी नाही. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि उदगीरच्या बाजारात आजही मराठी, कानडी, उर्दू व तेलुगू कानावर पडतात. त्यामुळे दखनी वळणाची का होईना, हिंदी दोघींनाही उत्तम बोलता येते. आखाती विमानतळांवर हिंदी-उर्दू जाणणारे कर्मचारी शोधावे लागत नाहीत. म्हणजे माणसांची वाण नव्हती, तर कोणत्या प्रवाशाला कोणती भाषा येते, ही माहिती तिकिटासोबत पुढे गेली नाही. शिकागोला उतरल्यावर इमिग्रेशन अधिकाऱ्याने फोनवर हिंदी दुभाषा जोडून दिला आणि थोड्याच वेळात दोघी बाहेर आल्या. त्या अधिकाऱ्याने त्यांच्याकडून तिकिटाचे पैसे घेतलेले नव्हते.

विमान चुकल्यानंतर दोघींनी रात्र खुर्च्यांवर काढली, जेवणाची कूपने देण्यात आली नाहीत आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानासाठी बदल शुल्क व भाड्यातील फरक माझ्या बहिणीकडून कार्डावर वसूल करण्यात आला. ही संपूर्ण रक्कम परत करावी, ‘गैरहजर’ ही नोंद रद्द करावी आणि परतीच्या प्रवासासाठी दोघींच्या नावावर भेटून साहाय्य करण्याची नोंद, त्यांना हिंदी येते या शेऱ्यासह करावी. दोघींना कोणत्याही कारणाने वेगळे करू नये आणि त्यांची कागदपत्रे त्यांच्याच हातात राहू द्यावीत.

व्हीलचेअरची सेवा ठेकेदाराकडे असल्याचे आपल्या प्रतिनिधीने फोनवर सांगितले, पण त्यामुळे आपली जबाबदारी संपत नाही. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाविषयीच्या ज्या १९९९ च्या माँट्रियल करारात भारत २००९ मध्ये सहभागी झाला, त्यानुसार विलंबाने झालेल्या नुकसानीची जबाबदारी टाळायची असेल, तर कंपनीने आणि तिच्या एजंटांनीही ते टाळण्यासाठी सर्व वाजवी उपाय केले होते, हे कंपनीला सिद्ध करावे लागते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, म्हणून समाधानकारक उत्तर न आल्यास मी लातूर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

परतीचे तिकीट आपल्याच कंपनीचे असल्याने प्रवासाच्या किमान पंधरा दिवस आधी लेखी उत्तर द्यावे. दोन्ही तिकिटे, न वापरलेले बोर्डिंग पास, बदल शुल्काची पावती, आपला ईमेल आणि मावशीच्या गळ्यातील कार्डाची प्रत सोबत जोडली आहे.

आपला विश्वासू,
(प्रवाशांचा मुलगा व भाचा)
उदगीर, जि. लातूर