पी. टी.च्या सरांना, आशा कार्यकर्त्यांकडून

आदरणीय सर,

स. न. वि. वि.

वावरात राबणाऱ्या बाईला व्यायाम सांगायला गेलं की उत्तर ठरलेलं असतं: "दिवसभर वाकूनच तं रायतो बाप्पा, अजून कायचा व्यायाम?" हा प्रश्न तुम्ही हसण्यावारी नेला नाही, यासाठी आधी आभार. कापसाच्या वेचणीत कंबर तासन्‌तास वाकलेली राहते, तेच ते स्नायू आखडतात, पण छातीचे ठोके फारसे वाढत नाहीत. त्यामुळे अंग दुखतं, दम मात्र वाढत नाही. इतकं सरळ करून आम्हालाही कोणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही शिकलात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात. १९१४ पासूनची ती संस्था, १९३६ साली बर्लिनच्या ऑलिम्पिकमध्ये देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आलेली. अशा ठिकाणचा माणूस मल्लखांब सोडून पांदणीवरून दहा मिनिटं चालायला सांगतो, याचं गावाला नवल वाटलं. आमच्या मते तुमची खरी मदत हीच, की तुम्ही लोकांना आवरलंत.

भरतीची पोरं सोळाशे मीटर मारतात ते पाहून चाळिशीतले गडीही पहिल्याच दिवशी धावतात, वर पन्नास बैठका काढतात. मांड्यांचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त चढतं, आणि तिथेच व्यायाम सुटतो. तुमचा हिशेब वेगळा: आठवड्यात पाच दिवस, पहिले दोन आठवडे दहाच मिनिटं, नंतर दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत तीसपर्यंत. म्हणजे आठवड्याची १५० मिनिटं झाली. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसांसाठी धरलेली किमान मर्यादा तेवढीच आहे. वेग असा की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. दोन दिवस ताकदीचे: हात न टेकता खाटेवरून उठणं-बसणं दहा वेळा, भिंतीला टेकून जोर दहा, मध्ये मिनिटभर थांबून पुन्हा एक फेरी. वेचणीत तासाभरानं उभं राहून, तळवे कमरेवर ठेवून पाच वेळा हळूच मागे झुकायचं.

तुमची खूणही आम्ही घरोघरी सांगतो. व्यायामानंतर थोड्या वेळानं अंग हलकं वाटलं तर माप बरोबर. दुपारी गळून गेल्यासारखं झालं तर जास्त झालं, दुसऱ्या दिवशी निम्मं करा. दोन-तीन आठवड्यांत झोप सुधारल्याचं पुष्कळ जणी सांगतात. स्नायूंत ऊर्जा तयार होण्याची क्षमता वाढायला मात्र सहा-आठ आठवडे लागतात, म्हणून आठव्या दिवशी निराश होऊ नये.

आणखी एका गोष्टीचे आभार मानायचे आहेत, आणि ही आमच्या कामातली आहे. सततचा थकवा असलेल्या बाईला तुम्ही चालायला लावण्याआधी उपकेंद्रात पाठवता. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय, आणि तो नुसत्या चालण्यानं जात नाही. लोहाची गोळी चहासोबत घेतली तर ती नीट लागू पडत नाही. दोन्हींत तासाभराचं तरी अंतर हवं. (चहा सोडा म्हणायची हिंमत आमच्यात नाही.) आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. त्या रुग्णांना शर्यत नको, तहान लागेपर्यंत थांबणं नको. डॉक्टरांना विचारून, मध्ये मध्ये बसत, पाणी पीत चालायचं. हे व्यायाम शिकवणारे सहसा विचारत नाहीत, तुम्ही आधी विचारता.

उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाचा हंगाम संपला, की चालणारे कमी होतात, आणि पुढे ऊन तापतं. म्हणून एप्रिलपासून वेळ पहाटे साडेपाचची ठरवतो आहोत. निघण्याआधी एक पेला पाणी आणि मूठभर फुटाणे, परतायचं सातच्या आत. मे महिन्यात मिनिटं कमी करायची का, तेवढं कळवा. चालण्याच्या वेळेचा फलक त्याप्रमाणे बदलू.

आपल्या,
गावातल्या आशा कार्यकर्त्या